शफल: रे प्राइस आणि त्याच्या मागे उभी असलेली मंडळी

वसईचा_वाटसरू

गेल्या पावसाळ्यात घरच्याच जिन्यावरून घसरलो आणि सहा आठवडे उजवा पाय प्लास्टरमध्ये अडकला. वाचून कंटाळलो, मालिका बघून त्याहून जास्त. एका रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर जिम रीव्ह्ज लावला, तो अमेरिकन कंट्री गायक. आमच्या वसईत नाताळ म्हणजे जिम रीव्ह्ज. शेजारच्या अंकलकडे त्याच्या चार एलपी होत्या, त्या डिसेंबरभर आमच्या भिंतीतून आरपार यायच्या. त्यामुळे कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं ते गावाकडचं संगीत, म्हणजे दुलईत शिरून गायल्यासारखा तो मऊ आवाज, ही माझी चाळीस वर्षांची समजूत.

त्याच्या पाठोपाठ आपसूक एक जुना कृष्णधवल तुकडा सुरू झाला. रे प्राइस नावाचा गृहस्थ. टिकल्या-मणी जडवलेला कोट, चापून बसवलेले केस, चेहऱ्यावर रेशनच्या रांगेतली शांतता. मागे सहा-सात वादक. फिडलने, म्हणजे त्यांच्या गावाकडच्या व्हायोलिनने, सुरुवातीची ओळ वाजवली, बाकीचे आत शिरले, आणि प्लास्टरच्या टोकाशी उघडी राहिलेली माझी पाच बोटं हलायला लागली. मी हलवत नव्हतो हो. बायकोने विचारलं, दुखतंय का?

तेव्हापासून घरात हेच चालू आहे. बायको आता विचारतही नाही.

या ठेक्याला शफल म्हणतात, आणि कंट्रीवाले त्याला रे प्राइसच्याच नावाने ओळखतात. प्राइस पूर्व टेक्सासचा, जन्म १९२६चा. नॅशव्हिलला, म्हणजे कंट्रीच्या पंढरीला, आल्यावर काही काळ हँक विल्यम्स या तेव्हाच्या गाजलेल्या गायकाबरोबर एकाच घरात राहिला. १ जानेवारी १९५३ला हँक गेला आणि त्याचा पोरका झालेला बँड प्राइसच्या मागे उभा राहू लागला. वादक पट्टीचे, पण व्हायचं ते झालं: लोक म्हणायला लागले, हा तर हुबेहूब हँक. त्या काळातली गाणी ऐकलीत तर लोकांचं चुकलं नव्हतं हे पटेल. मग पठ्ठ्याने स्वतःचा बँड बांधला, चेरोकी काउबॉइज. आणि १ मार्च १९५६ला नॅशव्हिलच्या स्टुडिओत ‘क्रेझी आर्म्स’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं.

त्याआधी कंट्रीतला बास, म्हणजे खालचे सूर धरणारं तंतुवाद्य, साधारणपणे चार मात्रांत दोनदाच वाजायचा, पहिलीवर आणि तिसरीवर. ढुम्-चक, ढुम्-चक. प्राइसने पुढे अनेकदा सांगितलंय की त्यांना बासचा आवाज काही केल्या स्वच्छ मिळेना, म्हणून तो म्हणाला, चारही मात्रांवर वाजवून बघू आणि त्यावर शफल ठेवू. बास एकदम उठून दिसला. सौंदर्यशास्त्र वगैरे काही नाही, यंत्रात आवाज नीट येत नव्हता ही अडचण. गाणं बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या कंट्री यादीत २० आठवडे पहिलं राहिलं. आणि साल कुठलं, तर १९५६, म्हणजे एल्विसचं. नॅशव्हिलमधले भलेभले तेव्हा आपली फिडल कपाटात ठेवावी की काय या विचारात होते. आणि हा माणूस फिडल पुढे घेऊन आला!

मला खरं बोलायचंय ते मागच्या मंडळींबद्दल. ‘क्रेझी आर्म्स’ अडीच मिनिटांचं आहे. सुरुवातीला टॉमी जॅक्सनची फिडल. कसरत नाही, सुरांची गर्दी नाही, एखाद्या बाईने पदर खोचून कामाला लागावं तशी सरळ. प्राइस गातो तेव्हा ती गप्प. ओळ संपली की स्टील गिटार दोन सुरांचं उत्तर देते आणि लगेच मागे सरते. ध्रुवपदाला वरच्या पट्टीत दुसरा आवाज येऊन बिलगतो. आणि या सगळ्याखाली तो बास चालतोय. चालतोयच. कोणी कोणाच्या पायात येत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये सकाळी आठ बावीसला चौघांच्या बाकड्यावर पाच जण ज्या कौशल्याने बसतात, तितकं हे नेमकं आहे.

मागच्या मंडळींसाठी बघावेत असे दुसरे गायक म्हणजे अर्नेस्ट टब. यांचा १९६० च्या दशकातला टीव्ही कार्यक्रम यूट्यूबवर तुकड्यातुकड्यांनी सापडतो. टबबाबांना सूर जेमतेम, आणि ते स्वतःच त्याची चेष्टा करायचे. पण बँड बघा! गिटारवर लिऑन ऱ्होड्स, स्टीलवर बडी चार्ल्टन. टब ओळ संपवतात, वादकाचं नाव मोठ्याने पुकारतात, आणि तो वादक आठ-दहा सेकंदांत जे काय करतो ते बघून मी पाच-पाच वेळा मागे जातो. गाणं संपलं की टब गिटार उलटी करतात. पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: थँक्स.

मला वाद्यातलं काही कळत नाही. जाणकारांनी सांगावं की हे बोटं हलवणारं नेमकं काय आहे.

कोपऱ्यातलं_बाकडं

वाखुसा (वाचनखूण साठवली). शफल म्हणजे पत्ते पिसणं एवढंच आजवर माहीत होतं. आता ऑफिसात हेडफोन लावून ऐकतो आणि कळवतो. (पाय कसा आहे?)

तिश्रजाती

वाटसरूकाका, झकास धागा. तबल्यावर बसणाऱ्याला हे दोन मिनिटांत समजेल, न बसणाऱ्यासाठी जरा सविस्तर.

चार मात्रा घ्या. प्रत्येक मात्रेचे तीन सारखे तुकडे करा, म्हणजे आपली तिश्र जात. तोंडाने म्हणा: तकिट तकिट तकिट तकिट. आता मधला ‘कि’ गिळा. तोंडाने म्हणायचा नाही, पण त्याची जागा सोडायची. त-ट त-ट त-ट त-ट. झाला शफल. सगळी गंमत त्या न वाजलेल्या ‘कि’मध्ये आहे. ती जागा जराशी कमी दिली की ठेका धावत सुटतो, जास्त दिली की लंगडतो. चांगला शफल लंगडल्यासारखा वाटतो आणि लंगडत नाही. (काका, तुमच्या प्लास्टरवर टोमणा नाही.)

आता यावर बास चारही मात्रांवर पडतो आणि ‘चालतो’, म्हणजे एका कॉर्डवरून (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटावरून) दुसऱ्यावर उडी मारत नाही, मधल्या सुरांच्या पायऱ्या उतरत-चढत जातो. ड्रमरने एका हाताने त-ट त-ट धरलेलं असतं, बऱ्याचदा काडीऐवजी तारांच्या ब्रशने, आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर हलकी थाप. पाय बासबरोबर जातो, टाळी त्या थापेबरोबर. म्हणजे शरीर दोन ठिकाणी बांधलं जातं. बोटं हलतील नाही तर काय?

अवांतर: या लोकांकडे ड्रमला बरीच वर्षं सोवळंओवळं होतं. ग्रँड ओल ऑप्री हा त्यांचा सगळ्यांत मानाचा रेडिओ-रंगमंच. बॉब विल्स नावाचा बँडवाला १९४४ला तिथे ड्रमर घेऊन गेला तर त्याला पडद्याआड बसवा म्हणाले, असं सांगतात. जिथे ड्रम दिसायला नको, तिथे ठेका धरायचा कोणी? बासने आणि ऱ्हिदम गिटारने. ही सवय त्यांच्या हातात मुरली असणार, असा माझा अंदाज.

कोपऱ्यातलं_बाकडं

तकिट करून पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम विचारतायत तब्येत बरी आहे ना.

पण प्रश्न: हा तर आपल्या ओ. पी. नय्यरचा टांग्याचा ठेका झाला ना? घोड्याच्या टापा. काउबॉय, घोडा, सगळं जुळतंय.

तिश्रजाती

चुलत भाऊ म्हणा हवं तर. झुलता आहे दोन्हींत, पण नय्यरसाहेबांचा टांगा वरून ऐकू येतो, टापा हेच गाण्याचं तोरण. शफलमध्ये झुला खाली, तळघरात. आणि काउबॉयच्या घोड्याची कथा गोड असली तरी तिच्यावर फार विसंबू नका.

निळा_दगड

घोड्याचा काही संबंध नाही, आणि ‘टेक्सासचा शफल’ असं म्हणताना एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली जातेय, ती मांडतो.

हा ठेका कृष्णवर्णीय संगीतातून आलाय. बुगी-वुगी पियानोचा उगम पूर्व टेक्सासच्या जंगलपट्टीत, लाकूडतोड्यांच्या आणि रेल्वेच्या वस्त्यांत मानतात. तिथे डावा हात हाच ठेका कुटायचा. १९४० च्या दशकात लुई जॉर्डनचा छोटा बँड याच झुलत्या ठेक्यावर अख्ख्या अमेरिकेला नाचवत होता. बॉब विल्सने जाझ आणि ब्लूज ऐकून फिडलच्या बँडमध्ये आणलं, त्याला वेस्टर्न स्विंग म्हणतात. प्राइस जन्मला तो याच पट्ट्यात. म्हणजे त्याने १९५६ला जे केलं ते शून्यातून नाही. त्याच्या कानात ते आधीपासून होतं, त्याने ते दारूच्या गुत्त्यातल्या रडक्या गाण्याखाली सरकवलं. मोठं काम आहेच. पण वंशावळ लिहायची तर पूर्ण लिहा.

वसईचा_वाटसरू

दंडवत. हे मला माहीत नव्हतं, आणि लेखात यायला हवं होतं. लुई जॉर्डन काल रात्री ऐकला. बोटं पुन्हा हलली. वंशावळीचा याहून मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

ऑस्टिनची_आत्या

मी इथे टेक्सासात बावीस वर्षं आहे आणि मंडळाच्या गणपतीइतकीच नेमाने डान्स हॉलला जाते, म्हणून हा धागा बघून राहवलं नाही. हे संगीत बसून ऐकायचं नाहीच मुळी. म्हणजे ऐका, पण ते अर्धंच.

आमच्या ऑस्टिनला ब्रोकन स्पोक नावाचा डान्स हॉल आहे, १९६४चा. छत इतकं बुटकं की उंच माणसाची टोपी टेकेल असं वाटतं. आता चहूबाजूंनी चकचकीत इमारती उठल्यात आणि मधोमध हे लाल रंगाचं बैठं घर, वाडा पाडू न दिलेल्या म्हाताऱ्यासारखं. बॉब विल्स, टब, विली नेल्सन सगळे इथे वाजवून गेलेत. पुढे न्यू ब्राउनफेल्सकडे ग्रीन (Gruene) हॉल आहे, तो तर १८७८चा. जर्मन आणि चेक शेतकरी इथे येऊन वसले, त्यांनी असे हॉल बांधले, आणि शनिवारी आजीपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळं कुटुंब नाचायला यायचं. अजून येतं.

बँडने शफल धरला की जोड्या फरशीवर उतरतात आणि गोल फिरायला लागतात, घड्याळाच्या उलट दिशेने, आपला गरबा फिरतो तसं. दोन झटपट पावलं, दोन सावकाश. वेगाने जाणारे बाहेरून, नवशिके आतून. कोणी कोणाला धडकत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सत्तरीच्या एका आजोबांनी हात पुढे केला. मी म्हटलं मला येत नाही. ते म्हणाले, बास येतो की त्याला. मला कळलंच नाही. पहिली फेरी मी पायांकडे बघत काढली, दुसरीत आजोबांच्या बुटांकडे. तिसऱ्या फेरीत कधीतरी लक्षात आलं की मी मोजणं सोडलंय आणि पाऊल आपोआप त्या ढुम् ढुम् ढुम् ढुम् वर पडतंय. त्या बासवर अक्षरशः चालायचं असतं. बँड थांबला तेव्हा आजोबांनी टोपी उचलली आणि पुढच्या बाईकडे गेले. नावही विचारलं नाही.

म्हणून तिश्रजाती म्हणतात ते अगदी पटलं. वादकाने तो ‘कि’ थोडा जरी खाल्ला ना, तर समोर दोनशे माणसं अडखळतात. त्याला लगेच कळतं.

सदाशिव_पेठी

सगळं ठीक आहे, पण मुळात ही गाणी कशावर आहेत? बायको पळाली, दारू संपली, कुत्रं मेलं. हे गोऱ्यांचं रडगाणं आहे. त्याला तिश्र जात आणि वंशावळ लावून आपण भलतेच चढवतोय असं मला नम्रपणे वाटतं.

कोपऱ्यातलं_बाकडं

‘नम्रपणे’ला खिक्.

निळा_दगड

सदाशिवराव, कुत्र्याचं सोडा, पण बाकीचं खरं आहे. ‘क्रेझी आर्म्स’ लिहिणाऱ्यांत राल्फ मूनी होता, कॅलिफोर्नियातला स्टील गिटारवाला. त्याच्या दारूपायी बायको घर सोडून गेली आणि गाणं सुचलं, अशी कथा आहे. आता गंमत बघा. शब्द असे की माणसाने उशीत तोंड खुपसावं. आणि ठेका असा की त्याच वेळी शेजारणीचा हात धरून फरशीवर उतरावं. ज्याचं घर मोडलंय तोच तिथे नाचतोय. हे तुम्हाला उथळ वाटत असेल तर आपल्या फडावरच्या लावणीत विरह कसल्या ठेक्यावर येतो ते आठवा. ढोलकी काय रडत असते का?

सदाशिव_पेठी

लावणीचा मुद्दा मान्य. बाकीचं ऐकून ठरवतो.

पायपेटी

स्टील गिटारबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून मी. (माझा धंदा पेट्या दुरुस्त करण्याचा. एकदा एका वादकाचं पेडल स्टील उघडून बघायला मिळालं, त्या दिवशी जेवलो नाही.)

टेबलासारखं आडवं वाद्य, दहा तारा, बऱ्याचदा शेजारी दहा तारांचा दुसरा पट्टा. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांडी, ती तारांवर सरकते. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर. डावा पाय सूर बदलणाऱ्या पेडलांवर. शिवाय गुडघ्यांनी डावी-उजवीकडे ढकलायचे दांडे. दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही गुडघे कामात. आमच्या नाटकातल्या पायपेटीवाल्याला निदान गुडघे मोकळे होते.

आता कानाने काय ऐकायचं ते सांगतो. सतारीवर मींड काढताना तार ओढली की तो सूर वर जातो. इथे दोन-तीन तारा एकत्र वाजताहेत, त्यातली एक पेडलने वर सरकते आणि बाकीच्या जागच्या जागी उभ्या. म्हणजे एक माणूस चालतोय आणि दोघे उभे राहून बघताहेत. कंट्रीतला तो जो हुंदका आहे तो हाच. १९५४ला वेब पियर्सच्या ‘स्लोली’ गाण्यात बड आयझॅक्सने हा प्रकार पहिल्यांदा सगळ्यांना ऐकवला आणि देशभरातल्या स्टीलवाल्यांची झोप उडाली. जो तो तारा, सळया, सायकलचे भाग जोडून घरीच पेडलं बनवायला बसला. मग बडी एमन्स आला. वयाच्या विशीत त्याने शॉट जॅक्सनबरोबर १९५७ला शो-बड नावाची कंपनी काढली, वाद्याची रचनाच बदलली, आणि वाजवायचा असा की अजून त्याच्यापुढे हात जोडतात. १९६२ला तो प्राइसच्या बँडमध्ये आला. १९६३ची ‘नाइट लाइफ’ ही तबकडी लावा. सुरुवातीला प्राइस श्रोत्यांशी दोन शब्द बोलतो, मग एमन्सची स्टील. रात्री दोनला, सगळे झोपल्यावर लावा.

आणि आपल्या देशाचं याच्याशी नातं आहेच. स्टील गिटार मूळची हवाई बेटांवरची. तिथल्या वादकांनी ती जगभर नेली. टाउ मो आणि त्यांचं कुटुंब तर १९४० च्या दशकात कलकत्त्यालाच राहत होतं. आपल्याकडे तिला हवाइयन गिटार म्हणायचे. व्हॅन शिपलेंनी सिनेमाच्या चाली तिच्यावर वाजवल्या, त्या तबकड्या घराघरात होत्या. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवला. म्हणजे एकच आडवी गिटार, हवाईतून निघाली, एक फाटा टेक्सासला जाऊन गुत्त्यात बसला आणि एक आपल्याकडे येऊन मैफलीत.

ऑस्टिनची_आत्या

पायपेटीकाका, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे अजून एक गंमत सांगतात. विली नेल्सन १९६१ला प्राइसच्या बँडमध्ये लागला तो बासवर, आणि बास त्याने आयुष्यात हातात धरला नव्हता. येतो का विचारल्यावर येतो म्हणाला, आणि घाईघाईत शिकून उभा राहिला. ज्या बँडची सगळी इमारत बासवर, तिथे! पुढे प्राइसने आपला झुंजीचा कोंबडा विलीच्या शेतावर ठेवायला दिला. त्या कोंबड्याने विलीच्या अंडी देणाऱ्या कोंबड्या मारल्या, मग विलीकडून त्या कोंबड्यावर गोळी चालली. प्राइस इतका भडकला की तुझं गाणं परत गाणार नाही म्हणाला. १९८०ला दोघांनी मिळून तबकडी काढली, म्हणजे निभावलं म्हणायचं.

कोपऱ्यातलं_बाकडं

कोंबड्यासाठी धागा वर काढतो.

निळा_दगड

त्या बँडमधून कोण कोण बाहेर पडलं ते तरी बघा. विली नेल्सन, रॉजर मिलर, जॉनी पेचेक, ड्रमवरचा जॉनी बुश. सगळे पुढे स्वतःच्या नावाने गाजले. टबकडेही तेच, ड्रमर जॅक ग्रीन आणि ऱ्हिदम गिटारवाला कॅल स्मिथ. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांसारखं: मागच्या रांगेत उभं राहून शिकायचं आणि एक दिवस स्वतःची मंडळी काढायची.

मडगावचा_पोदेर

इतका वेळ गप्प होतो. वाटसरू, तुम्ही सुरुवातीलाच आमच्या जिम रीव्ह्जला दुलईत घातलंत ते काही आवडलं नाही. आमच्याकडे त्याच्याशिवाय नाताळ काय, लग्नाचा वाढदिवससुद्धा होत नाही. तो आणि प्राइस दोघेही पूर्व टेक्सासचेच. जिमच्या गाण्यांतून फिडल आणि स्टील काढून टाकली, मागे मऊ कोरस ठेवला, हे खरं. त्याचा निर्माता चेट ॲटकिन्सने रॉक अँड रोलपुढे टिकायला तो मार्ग काढला. पण जो माणूस माइकजवळ ओठ नेऊन कुजबुजल्यासारखा गातो आणि अखेरच्या बाकापर्यंत पोचतो, त्याला ठेका लागत नाही.

आणि तुमच्या शफलवाल्या प्राइसने पुढे काय केलं? १९६७ला व्हायोलिनांचा अख्खा ताफा घेऊन ‘डॅनी बॉय’ गायलं. टिकल्यांचा कोट काढून सूट चढवला. १९७०चं ‘फॉर द गुड टाइम्स’ तर त्याचं सगळ्यांत गाजलेलं. म्हणजे शेवटी आमच्याच दुलईत आला की नाही?

सदाशिव_पेठी

वा! आता धागा रंगला.

तिश्रजाती

पोदेरबाब, तिथले जुने चाहते त्या ‘डॅनी बॉय’वर असे बिथरले होते की विचारू नका. गद्दार म्हणाले. मला मात्र राग येत नाही. त्याचा आवाजच त्या गाण्यांना मागत होता, वय वाढलं तसा तो आणखी गोल झाला. पण एक करून बघा. ‘फॉर द गुड टाइम्स’ ऐकताना मागचं कोण वाजवतंय हे आठवतं का? नाही ना? आणि ‘क्रेझी आर्म्स’मध्ये फिडलची पहिली ओळ आली की गायक येण्याआधीच गाणं ओळखता. मला वाटतं फरक इथे आहे. एकात गायकाला सजवलंय, दुसऱ्यात त्याला सोबत आहे.

मडगावचा_पोदेर

सोबत वाईट नाही. पण मी जिम सोडणार नाही.

ऑस्टिनची_आत्या

सोडू नका. टेक्सासातच ब्रेडी नावाचं एक छोटं गाव आहे, तिथल्या कंट्री संग्रहालयात जिम रीव्ह्जची दौऱ्याची बस ठेवलीय. आणि तेच गाव आज शफलवाल्यांचं माहेर, जुन्या पद्धतीची फिडल-स्टीलची ध्वनिमुद्रणं अजून तिथून निघतात. दोघांना एकाच अंगणात जागा मिळालीय, तर तुम्ही का भांडताय?

सदाशिव_पेठी

ऐकलं. प्राइसचं ‘हार्टेक्स बाय द नंबर’ चार वेळा, फोनच्या स्पीकरवर. ठीक वाटलं. त्यात एवढं काय, हे मात्र अजून समजलं नाही.

पायपेटी

फोनच्या स्पीकरवर?? अहो, त्यात बास येतच नाही! सगळा धागा बासवर आणि तुम्ही बास वगळून ऐकलात. मुलाचे मोठे हेडफोन घ्या, कानावर पूर्ण बसणारे. पहिल्यांदा गायकाकडे लक्षच देऊ नका. खालचा आवाज पकडा आणि शेवटपर्यंत सोडू नका.

सदाशिव_पेठी

नातवाचे घेतले. परत करायला उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा), वाटसरू.

वसईचा_वाटसरू

सदाशिवरावांचा पुलेशु! हा मी कोरून ठेवणार.

पोदेरबाब, दुलई शब्द मागे घेतो. बाकडं, पायाचं विचारलं होतंत: प्लास्टर निघालं. पोटरी काडीसारखी झालीय आणि फिजिओथेरपीवाल्या ताई रोज घरात वीस मिनिटं चालायला लावतात, दोन्ही पावलं सारख्या लयीत. मी हुशारी केली, आत्यांचं वाचून रे प्राइस लावला. सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत बरोबर चाललो, वळताना कपाट धरलं, पुन्हा परत. चौथ्या फेरीला ताई म्हणाल्या, काका, लय छान आहे, पण इतक्या वेगाने अजून नाही हं. काहीतरी हळू लावा.

सध्या जिम रीव्ह्ज लावतोय.